डोळे मिटून निवडलेले दाणे

सुरुवातीलाच सांगते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि अक्षर त्याहून वाईट आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. तेव्हाही बाई म्हणायच्या, वहीवर कोंबडी नाचून गेली का गं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तिथं वाचणाऱ्यानं मनातल्या मनात सुधारून घ्यावं. तसं वाचणारं कुणी नाहीच. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. आक्का गेल्याचं परवा कळलं. मला तोंडानं कधी काही नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आक्का कुठंही गेल्या की आधी दारात उभ्या राहून डोळे मिटायच्या. बारसं असो, दवाखाना असो, कुणाची मयत असो. नवख्या माणसाला वाटायचं, देवाचं नाव घेतात. आक्कांच्या घरी छप्पन सालानंतर देव्हारा नव्हता, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्या देवाचं नाव घेत नव्हत्या, ऐकत होत्या. मग डोळे उघडून घरच्यांना सांगायच्या, तुमच्या पंख्याचं बेरिंग गेलंय, किंवा ट्यूबचा चोक बोलतोय, बदलून घ्या. एकदा आमच्या शेडच्या मालकांची नवी गाडी लांबून येताना ऐकून म्हणाल्या, "सायेब, मागच्या चाकात काय तरी अडकलंय." मालक हसले. दुसऱ्या दिवशी चाकातून खिळा निघाला. तेव्हापासून सगळा गाव त्यांना कानवाल्या आक्का म्हणायला लागला.

त्यांच्या नवऱ्याचं मंचरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो अचानक गेला तेव्हा दुकानात लोकांचे बिघडलेले रेडिओ तसेच पडून होते. लोक मागायला यायचे आणि विधवेला काही बोलता येईना म्हणून परत जायचे. आक्कांनी एकेक उघडून नीट केला. शिकवलं कुणी, असं विचारलं तर म्हणायच्या, "वीस वर्सं शेजारी बसून ऐकत व्हते. तेवढं शिक्षन बास झालं." पुढं घरोघरी टीव्ही आले, रेडिओ कुणी दुरुस्तीला आणेना. तेव्हा ओझरच्या अलीकडं रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड निघाली, तिथं त्या तपासणीच्या बाई म्हणून लागल्या.

मीही तिथंच लागले. आम्ही आठ जणी होतो. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र पुण्याची एक कंपनी बनवायची, त्याच्या आतले बोर्ड आम्ही भरायचो. बोर्डावर रेझिस्टर बसवायचे असतात. ज्वारीच्या दाण्याहून थोडा लांबट, दोन्हीकडं तारेचे पाय, अंगावर रंगीत पट्टे. विजेला थोडं अडवून धरायचं एवढंच त्याचं काम. आम्ही त्यांना दाणेच म्हणायचो. बोर्डावर एक जागा फार नाजूक होती. बाळाचा ठोका यंत्रात शिरला की पहिल्यांदा तिथं मोठा व्हायचा. त्या जागेचा दाणा ऐकून निवडावा लागायचा. घरी सुपात तांदूळ निवडतो तसाच, फक्त कानानं.

पहिल्या दिवशी आक्कांनी माझ्या कानाला हेडफोन लावला, एक दाणा चिमट्यात धरला आणि मी तो हेडफोन काढून टाकला. माझे हातपाय गार पडले होते. आत कुणीतरी श्वास घेत होतं. लांब धरणातून पाणी सुटावं तशी सूं, न थांबणारी. आणि आक्कांनी अजून बटणसुद्धा दाबलं नव्हतं, म्हणजे दाण्यात वीज सोडलेलीच नव्हती. नसलेल्या विजेचा आवाज कसा येतो? सासरी येऊन दोन वर्षं झाली होती, मी सासूबाईंना घाबरायचे, कंडक्टरला घाबरायचे, फोन वाजला तर घाबरायचे. त्यात आता हे.

आक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भ्यायचं कारन न्हाई. ती ऊब हाय. जे जे उबदार असतं त्याच्या आतला कण न् कण हालत असतो, त्याची ही सूं. तुज्यातबी हाय, माज्यातबी हाय." मग त्यांनी रस्त्यावरच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणवला, दाणा कागदात गुंडाळून बर्फात दाबून धरला आणि हेडफोन परत माझ्या कानाला लावला. सूं तशीच होती. "कमी झालीय," त्या म्हणाल्या, "पन इतकी थोडी की आपल्या कानाला कळायची न्हाई. बर्फ आपल्याला गार लागतो, दाण्याला न्हाई." मग बटण दाबलं. आता त्या सूंच्या वर करकर ऐकू आली, भाकरी थापताना परातीत वाळू सांडावी तशी. तो दाणा त्यांनी काढून टाकला. चांगल्या दाण्यात बटण दाबलं तरी सूंच राहते, वाईटात करकर उठते. आक्कांचं एक म्हणणं होतं, ते शेडमध्ये सगळ्यांना पाठ होतं, "सूं निसर्गाची, करकर कारखान्याची. निसर्गाला नावं ठेवायची न्हाईत, कारखान्याचं तपासून घ्यायचं."

तपासणीला बसायचं तर बांगड्या वाजून चालत नव्हतं. काढायला तर कुणी तयार होईना. मग आक्कांनी प्रत्येकीच्या हातावर बांगड्यांभोवती फडकं बांधायची पद्धत काढली. आमच्यातली शीला फार बोलकी. ती म्हणाली, "आक्का, नवरा जिता हाय माजा. बांगड्यांना कफन बांधता व्हय?" आक्का गाठ मारत म्हणाल्या, "नवऱ्याला जिता ठेव, बांगडीला गप ठेव." शेडमध्ये शिरणारी प्रत्येक बाई आधी हाताला फडकं बांधून घ्यायची, जखम झाल्यासारखं. रस्त्यानं ओझरच्या गणपतीला जाणारे लोक खिडकीतून बघायचे आणि त्यांना वाटायचं, इथं कसला दवाखाना आहे.

दुसरा नियम डोळ्यांचा. ऐकताना डोळे मिटायचे. "डोळा चोंबडा असतो, कानाच्या कामात नाक खुपसतो," असं त्या म्हणायच्या. मला हा नियम फार आवडला. डोळे मिटले की कुणी आपल्याकडं बघतंय ही भीती जायची. मी बोलायची कमी म्हणून असेल, माझा कान तयार होता. महिन्याभरात आक्का माझी ताटली बघून सगळ्यांसमोर म्हणाल्या, मंदासारखी निवडणारी दुसरी न्हाई. मला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मला रडू आलं.

पावसाळा संपता संपता पुण्याहून दाण्यांची एक नवी पिशवी आली. त्यातले काही दाणे फार शांत होते. करकर तर नाहीच, सूंसुद्धा इतकी बारीक की कान ताणून ऐकावी लागे. मला वाटलं, याहून चांगला दाणा असूच शकत नाही. मी ते वेगळ्या डबीत ठेवले आणि त्या नाजूक जागेसाठी पुढं दिले. दोन दिवस आक्कांनी नुसती डबी बघून कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी एक दाणा चिमट्यातून निसटून खाली पडला, तो शोधायला मी डोळे उघडले आणि त्याचे पट्टे दिसले. आमच्या दाण्याला तपकिरी, काळा आणि पिवळा पट्टा असायचा. याला पिवळ्याच्या जागी नारिंगी होता. मी डबी उघडली. सगळे नारिंगी.

म्हणजे दाणा दुसऱ्याच मापाचा होता. पिशवीत भेसळ झाली होती. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आक्का चार हातांवर बसल्या होत्या. मला वाटलं, माझं कौतुक जाईल, काम जाईल, सासूबाई म्हणतील, सांगितलं होतं ना. मग मनानं एक वाट काढली. दाणा शांत आहे, म्हणजे चांगलाच आहे, पट्ट्याचं एवढं काय. उरलेले मी गुपचूप पदराला बांधून नेले आणि विहिरीत टाकले. पण नऊ दाणे बोर्डांवर चढले होते, आणि बोर्ड पुण्याला गेले होते.

पंधरा दिवस कुणाला काही कळलं नाही. मग एक नवी मुलगी कामाला आली, आणि आक्का तिला शिकवायला बसल्या. तिनं विचारलं, जो सगळ्यात शांत तो सगळ्यात चांगला ना. आक्कांनी चिमट्यात दाण्याऐवजी नुसता तारेचा तुकडा धरला आणि हेडफोन तिच्या कानाला लावला. "काय ऐकू येतं?" ती म्हणाली, काहीच नाही. "मंग हा सगळ्यात चांगला झाला. लावायचा का बोर्डाला?" मुलगी हसली. आक्का म्हणाल्या, "दाणा जितका अडवील तितकी त्याची सूं. गरजेपेक्षा गप असंल तर समजायचं, तो त्याचं कामच करीत न्हाई. तसला दाणा त्या जागेवर बसला तर मशीन ठोका मोठाच करनार न्हाई. दांडगं बाळ असंल तर कळंल. बारीक ठोका असंल, बाळ आत वळून बसलं असंल, तर मशीन गप. आन् बाई म्हननार, बाळ न्हाई."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. फडकं बांधलेलं असूनही बांगड्या वाजल्याचं मला आठवतं.

त्या वर्षांत आमच्या भागात उसातल्या बिबट्यांनी उच्छाद मांडला होता. शेड सुटली की आमची वाडी आणि आक्कांची वस्ती एकाच वाटेनं, दोन्ही बाजूंना ऊस. बिबट्याला माणूस येतोय हे कळावं म्हणून मोठ्यानं बोलत जायचं असा सगळ्यांचा रिवाज. बायका डबे वाजवायच्या, गाणी म्हणायच्या. मला मोठ्यानं बोलता येत नसे, म्हणून आक्काच दोघींचं बोलायच्या. त्या दिवशी उसाजवळ आलो आणि त्या थांबल्या. डोळे मिटले. मग हळूच म्हणाल्या, "आत काय तरी हाय. माजा घसा आज बसलाय. तू बोल."

मी हातातला डबा दोनदा वाजवला.

"बोल काय बी. मोठ्यानं."

मग माझ्या तोंडून तेच निघालं, जे पंधरा दिवस आत होतं. मी ओरडून सांगितलं. आक्का, ते दाणे चुकीचे व्हते. आक्का, मी पट्टे बघितले व्हते. आक्का, मी भ्याले. नऊ बोर्ड गेले. उरलेले विहिरीत टाकले. मी रडत ओरडत चालत होते आणि आक्का माझा दंड धरून पुढं ओढत होत्या. ऊस बिबट्यानं हलला की वाऱ्यानं, मला माहीत नाही. वाडीचा पहिला दिवा दिसेपर्यंत त्यांनी मला थांबू दिलं नाही.

दिव्याखाली आल्यावर म्हणाल्या, "नऊ म्हनजे नक्की नऊ?" मी मान हलवली. "उद्या पहाटं तयार रहा." एवढंच. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन केला. आठ बोर्ड अजून कंपनीतच होते. नववा यंत्रात बसून भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या एका लहान आरोग्य केंद्रात गेला होता. सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. आक्कांच्या पिशवीत लाकडी मुठीची जुनी सोल्डरगन, वितळवून डाग द्यायचं थोडं सोल्डर आणि कागदाच्या पुडीत पिवळ्या पट्ट्याचा एक दाणा होता. वाटेत त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. सासूबाईंनी बजावलं होतं म्हणून इतके दिवस मी पित्ताचं निमित्त करून आक्कांच्या हातचं काही घेत नसे. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी अर्धी बाटली प्यायले. घशाला इतकी कोरड होती की सासूबाई आठवल्याच नाहीत.

केंद्राच्या व्हरांड्यात एक पोर बसली होती. पोरच, अठरा-एकोणीसची, आठवा महिना असावा. शेजारी तिची सासू. सिस्टर बाहेर आल्या. आक्कांनी यंत्राचं विचारलं तर त्या खूश होऊन म्हणाल्या, "फार छान मशीन दिलंय तुम्ही. जुन्याची किती खरखर होती. याची काहीच नाही." मग आवाज खाली करून म्हणाल्या, हिचे ठोके सकाळपासून लागत नाहीत, पोटाला लावून ऐकायच्या नळीनंही नीट कळत नाही, घोडेगावला मोठ्या दवाखान्यात न्यायला जीप सांगितली आहे.

आक्का म्हणाल्या, मशीन द्या. सिस्टर म्हणाल्या, वॉरंटीतलं आहे, तुम्हाला कसं उघडू देऊ. आक्कांनी डोळे मिटले नाहीत. सरळ त्यांच्याकडं बघून सांगितलं, "त्याच्यात आमचा एक दाणा चुकलाय. ते बारकं ऐकू शकत न्हाई. त्या पोरीला जीपमदी घालायच्या आधी मला पाच मिन्टं द्या."

सिस्टरनी मशीन पुढं केलं. पण लाईट नव्हती. लोडशेडिंग, दुपारी दोनशिवाय यायची नाही. सोल्डरगन तापणार कशी. आक्का रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गेल्या आणि गनचं तांब्याचं टोक चुलीतल्या निखाऱ्यात खुपसून बसल्या. मी यंत्र उघडून मांडीवर धरलं होतं. तो दाणा मला दिसत होता, नारिंगी पट्टा माझ्याकडं करून बसलेला. व्हरांड्यातून ती पोर माझ्याकडं बघत होती. तिला वाटलं असेल मी डॉक्टरीण आहे. मी मान खाली घातली. टपरीवाला म्हणाला, "मावशी, चुलीवर काय शिजवताय?" आक्का म्हणाल्या, "धीर."

टोक लाल झालं. आक्कांनी राख पुसली, जुना दाणा काढला, नवा बसवला. टोक गार व्हायच्या आत दोन्ही पाय चिकटायला हवे होते, त्यांचा हात एकदाही हलला नाही. यंत्र बॅटरीवर चालायचं. सुरू केलं तशी सूं आली. सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. त्यांना वाटलं, बिघडवलं.

पोरीला आत निजवलं. सिस्टर यंत्राचं टोक पोटावरून फिरवत होत्या. सूं. नुसती सूं. उजवीकडं, डावीकडं, खाली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला वाटत होतं, दाणा बदलला आणि तरीही काही नसेल तर मी इथून घरी जाणार नाही, धरणाकडं जाईन. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आक्का मात्र डोळे मिटून उभ्या होत्या. सिस्टरच्या आधी त्याच म्हणाल्या, "थांबा. तिथंच. जरा मागं घ्या."

सूंच्या मागं, फार लांब, कुणी घाईघाईनं चालत यावं तसे ठोके.

पोरीची सासू उभी राहिली. म्हणाली, "काय झालं व्हतं वो?" आक्का म्हणाल्या, "मशीन बहिरं झालं व्हतं. आता ऐकतंय." मी बोलायला हवं होतं. चूक माझी आहे, असं त्या बाईला सांगायला हवं होतं. आक्कांनी एकदा माझ्याकडं बघितलं, वाट बघितल्यासारखं. मला जमलं नाही. त्या सासूनं फडक्यातली नाचणीची भाकरी अर्धी मोडून मला दिली. ती मला गिळवेना आणि टाकवेनाही. मंचरपर्यंत ती हातातच होती.

परत आल्यावर आक्कांनी मालकांच्या रजिस्टरात चुकीपुढं स्वतःचं नाव लिहिलं. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "डोळे मिटायला कुनी सांगितलं व्हतं? मीच ना. मंग लिहिनार कुनाचं?" त्या दिवसापासून शेडमधला नियम बदलला. आधी डोळे, मग कान. त्यांनी तो सगळ्यांसमोर सांगितला आणि आपला जुना नियम चुकला असंही सांगितलं. एवढ्या वयाचं आणि एवढ्या मानाचं माणूस आपलं चुकलं म्हणून बोलतं, हे मी पहिल्यांदा बघितलं.

नऊ बोर्डांचा आणि ने-आणीचा खर्च कंपनीनं शेडवर टाकला आणि मालकांनी तो आक्कांच्या पगारातून कापला, हे मला शीलाकडून चार महिन्यांनी कळलं. अठराशे रुपये. आक्का काही बोलल्या नव्हत्या. पुढच्या पगाराला मी पन्नास रुपये घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. मला वाटलं, त्या नको म्हणतील. त्यांनी घेतले आणि म्हणाल्या, "घेते. न्हाई घेतलं तर तू जल्मभर माज्याकडं बघून भिशील."

मग दर महिन्याला पन्नास, कधी वीस, मुलगी झाली तेव्हा चार महिने काहीच नाही. आक्कांनी कधी मागितले नाहीत आणि कधी परतही केले नाहीत. मध्ये पुण्याच्या कंपनीनं बोर्ड भरायची यंत्रं आणली. आता दाणे तिळाएवढे झाले होते, तपासणीही यंत्रच करी. शेड बंद झाली. आक्का चिंचवडला मुलीकडं राहायला जाणार असं कळलं, तेव्हा माझे दीडशे बाकी होते. अंडी विकून साठवलेले होते तेवढेच. मी त्यांच्या वस्तीवर गेले. सामान बांधून झालं होतं, तसबिरी तेवढ्या भिंतीवर होत्या.

आक्कांनी नोटा हातात घेतल्या, अंगठा ओला करून मोजल्या, पुन्हा मोजल्या. म्हणाल्या, "झालं, मंदे. अठराशे पुरे. आता तुजं माजं काय देनं न्हाई."

मी हो म्हटलं. त्यांच्या दारात यायला आता मला कसलंच कारण उरलं नव्हतं, आणि तेवढ्यानंच माझे हात गार पडले. पैसे पुरते फिटले होते, आणि मला उठवत नव्हतं.